नियम सापडेना, डाव थांबला

हैदराबादच्या गच्चीबावली किंवा माधापूर परिसरातील एखाद्या सदनिकेतील शनिवारची संध्याकाळ डोळ्यांसमोर आणावी. टेबलाभोवती पाच जण बसले आहेत. दोघे जुन्या शहरातले, आपसांत दखनी बोलणारे; एक जण वरंगळचा; एक मुलगी नांदेडहून शिकायला आलेली; आणि एक फोंड्याहून नोकरीनिमित्त तिथे स्थिरावलेला. मध्ये कागद, पेन्सिली, निरनिराळ्या आकारांचे फासे, इराणी चहा आणि उस्मानिया बिस्किटे. कथा ऐन रंगात आली आहे. नांदेडची मुलगी म्हणते, ‘मी पहारेकऱ्यावर मंत्र टाकून त्याला जागच्या जागी खिळवते.’ फासे पडतात, मंत्र लागू होतो. मग फोंड्याचा तरुण विचारतो, ‘आता मी त्याच्यावर वार केला तर मला काही जादा लाभ मिळतो का?’

येथे डाव थांबतो. पाचही जण मोबाइल उचलतात. कुणाला जुन्या आवृत्तीचा नियम सापडतो, कुणाला नव्या. कुणाच्या पडद्यावर जाहिराती उघडतात, तर कुणाला नियमाऐवजी त्यावर कुणीतरी घातलेला वाद वाचावा लागतो. दहा मिनिटांनी उत्तर मिळते, तोवर चहा निवलेला असतो आणि पहारेकऱ्याची भीतीही.

प्रसंग काल्पनिक आहे. पण हा खेळ खेळणाऱ्या कोणालाही तो ओळखीचा वाटेल. संदर्भसाधनाची रचना सदोष असली की त्याची किंमत कशी मोजावी लागते, हे समजून घेण्यास त्याच्याइतके सोपे उदाहरण नाही. आणि हा प्रश्न एका परदेशी खेळापुरताही उरत नाही. तो आपल्या कोशांपर्यंत आणि शेजारच्या सावंतवाडीच्या गंजिफ्यापर्यंत येऊन पोहोचतो.

हा खेळ आहे तरी काय?

भूमिका घेऊन टेबलाभोवती खेळल्या जाणाऱ्या या प्रकारातील पहिला प्रकाशित खेळ म्हणजे ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकी खेळरचनाकारांनी तो १९७४ साली तीन छोट्या पुस्तिकांच्या रूपाने बाजारात आणला. यात प्रत्येक खेळाडू एक पात्र धारण करतो आणि एक जण सूत्रधार होतो. सूत्रधार प्रसंग उभा करतो, आपले पात्र काय करील ते खेळाडू सांगतात आणि त्या कृतीला यश आले की नाही, हे नियम व फासे मिळून ठरवतात. फासेही केवळ सहा बाजूंचे नसतात. चार, आठ, दहा, बारा आणि वीस बाजूंचे फासेही त्यात लागतात.

गोमंतकीय वाचकाला हे समजावून सांगण्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. आपल्या दशावतारी नाटकात छापील संहिता नसते. कथानक ठाऊक असते, प्रवेशांचा क्रम ठरलेला असतो आणि संवाद नट रंगमंचावर उत्स्फूर्तपणे रचतो. या खेळाचा आत्मा तोच आहे. भेद इतकाच की, येथे युद्धात कोण जिंकणार हे पुराणकथेने आधी ठरवून ठेवलेले नसते. ते ठरवण्याचे काम नियमांकडे असते. म्हणून नियम सर्वांना मान्य असावे लागतात आणि हव्या त्या क्षणी सापडावेही लागतात.

ते सापडणे सोपे नसते. या खेळाच्या पाचव्या आवृत्तीची तीन मूळ पुस्तके २०१४ साली प्रसिद्ध झाली. त्यांतील प्रत्येक तीनशेहून अधिक पानांचे आहे. इतका मजकूर कोणीही मुखोद्गत ठेवू शकत नाही. त्यामुळे पुस्तकांबरोबरच संकेतस्थळांच्या रूपातील संदर्भसाधने वाढत गेली आणि आज बहुतेक खेळाडू नियम शोधण्यासाठी आधी मोबाइलकडेच वळतात.

एका मंत्राची चार पाने

वरील प्रसंगाकडे पुन्हा वळू. ‘होल्ड पर्सन’ हा मंत्र २०१४च्या नियमांत असा आहे: ज्याच्यावर तो टाकला, त्याने मनोबलाची कसोटी गमावली तर तो ‘पॅरालाइज्ड’ होतो. पॅरालाइज्ड म्हणजे नेमके काय, हे मंत्राच्या पानावर नाही. ते अवस्थांच्या परिशिष्टात आहे. तेथे गेल्यावर कळते की असा जीव हलू वा बोलू शकत नाही, त्याच्यावरील हल्ल्यांना अनुकूलता मिळते आणि पाच फुटांच्या आतून केलेला वार लागला तर तो मर्मभेदी ठरतो. शिवाय तो ‘इनकपॅसिटेटेड’ही असतो. त्याचा अर्थ पुन्हा वेगळ्या नोंदीत. मर्मभेदी वारात इजेचे फासे दुप्पट पडतात, हे युद्धाच्या प्रकरणात. आणि मंत्र टिकवण्यासाठी मांत्रिकाला एकाग्रता राखावी लागते. तिला इजा झाली तर पुन्हा कसोटी द्यावी लागते, हे मंत्रविद्येच्या प्रकरणात.

फोंड्याच्या तरुणाचा प्रश्न एका ओळीचा होता. उत्तरही एका ओळीचेच आहे: होय, अनुकूलता मिळते, आणि जवळून वार लागला तर तो मर्मभेदी. परंतु त्या ओळीपर्यंत पोहोचण्याची वाट तीन-चार पानांतून जाते. छापील ग्रंथात अशी रचना समजण्यासारखी आहे, कारण एकच व्याख्या पन्नास ठिकाणी छापणे परवडत नाही. संगणकाच्या पडद्यावर ही अडचण नसते. तरीही अनेक संदर्भस्थळे पुस्तकाची पाने जशीच्या तशी पडद्यावर उतरवून थांबतात आणि पुस्तकाच्या मर्यादाही सोबत घेऊन येतात.

‘वापरसुलभ’ म्हणजे काय?

वापरसुलभता हा शब्द सैलपणे वापरला जातो. पण त्याची एक नेमकी आंतरराष्ट्रीय व्याख्या आहे. आयएसओ ९२४१ या मानकमालेच्या अकराव्या भागानुसार, ठरावीक वापरकर्त्यांना, ठरावीक उद्दिष्ट, ठरावीक परिस्थितीत किती अचूकपणे, किती कमी श्रमांत आणि किती समाधानाने गाठता येते, यावर एखाद्या साधनाची वापरसुलभता ठरते. या व्याख्येतील ‘ठरावीक परिस्थितीत’ हे शब्द फार महत्त्वाचे आहेत. निवांत बसून नियम अभ्यासणारा सूत्रधार आणि चार जण ताटकळत असताना एका हातात फासे धरून शोध घेणारा खेळाडू यांच्या गरजा एकसारख्या नसतात. पहिल्याला सविस्तर प्रकरण हवे असते, दुसऱ्याला एक ओळ. चांगले साधन दोघांचीही सोय पाहते.

त्यासाठी काय करावे लागते, याचे काही ठोस निकष सांगता येतील.

पहिला निकष उत्तराच्या क्रमाचा. नोंद उघडताच सर्वांत वर निर्णय हवा, त्याखाली तपशील आणि सर्वांत शेवटी इतिहास व अपवाद. एखाद्या मंत्राचे वर्णन कितीही सुंदर असले तरी त्याचा पल्ला, अवधी आणि कसोटी यांची माहिती त्याच्या आधी दिसली पाहिजे.

दुसरा निकष व्याख्येच्या जवळिकीचा. पारिभाषिक शब्दावर बोट ठेवताच त्याचा अर्थ त्याच पानावर उघडला पाहिजे. नव्या पानावर जाऊन परत येण्यात वाचक वाट चुकतो. आपण कुठून निघालो होतो, हेच त्याला आठवत नाही.

तिसरा निकष शोधाचा. खेळाडूला नियमाचे अधिकृत नाव ठाऊक असेलच असे नाही. तो ‘पकडणे’, ‘मानगूट धरणे’ असे काहीही म्हणेल. साधनाने त्याच्या बोलीतील शब्द ओळखून त्याला योग्य नोंदीपाशी न्यावे. ग्रंथालयातील सूचीकार पूर्वी ‘पहा’ अशी नोंद करून हेच काम करीत.

चौथा निकष पडद्याचा. अनेक स्थळांवर जुन्या चर्मपत्रासारखी तपकिरी पार्श्वभूमी आणि नक्षीदार अक्षरे दिसतात. वातावरणनिर्मितीला ती ठीक आहेत. परंतु मंद दिव्यात ती वाचता येत नाहीत. संकेतस्थळांच्या सुगम्यतेची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे सामान्य आकाराच्या मजकुरासाठी अक्षरे व पार्श्वभूमी यांच्यातील उजळपणाचे गुणोत्तर किमान ४.५ : १ असावे असे सांगतात. तक्ता चित्ररूपात दिला तर दृष्टिबाधित खेळाडूचे पडदावाचक साधन तो वाचू शकत नाही. तक्ता अक्षररूपातच हवा. केवळ रंगाने अर्थ सांगणेही टाळावे, कारण रंगभेद न जाणवणारे वाचक असतात.

पाचवा निकष जोडणीचा. इमारतीच्या तळघरात वा प्रवासात इंटरनेट नसते. एकदा उतरवून घेतलेले नियम जोडणीविना उघडता आले पाहिजेत आणि हवे ते पान छापूनही घेता आले पाहिजे.

कोणत्या आवृत्तीचा नियम?

सहावा निकष स्वतंत्रपणे सांगावा इतका महत्त्वाचा आहे. प्रतिस्पर्ध्याला धरून ठेवण्याच्या ‘ग्रॅपल’ या कृतीचे उदाहरण घ्या. २०१४च्या नियमांत दोन्ही पक्ष फासे टाकून परस्परांशी स्पर्धा करतात. २०२४ साली आलेल्या सुधारित नियमांत ही स्पर्धा नाही. ज्याला धरायचे आहे त्याने बळाची किंवा चपळाईची कसोटी द्यायची असते. शब्द एक, नियम दोन, आणि शोध घेतल्यास दोन्ही शेजारी शेजारी समोर येतात. नोंदीवर आवृत्तीचा शिक्का ठळक नसेल तर एकाच टेबलावर दोन निरनिराळे खेळ सुरू होतात आणि दोन्ही पक्षांना आपलेच खरे वाटते.

याबाबत ‘पाथफाइंडर’ या दुसऱ्या खेळाचे ‘आर्काइव्ह्ज ऑफ नेथिस’ हे संदर्भस्थळ अभ्यासण्याजोगे आहे. या खेळाचे नियम तेथे सर्वांना विनामूल्य वाचता येतात. २०२३च्या अखेरीस त्या खेळाची सुधारित पुस्तके येऊ लागली, तेव्हा या स्थळाने जुन्या नोंदी पुसून टाकल्या नाहीत. जुनी व नवी नोंद वेगळी ओळखू येईल अशा खुणा केल्या आणि एकीवरून दुसरीकडे जाण्याची सोय ठेवली. संदर्भकार्यात जुने जतन करणे आणि नवे वेगळे दाखवणे, या दोन्ही गोष्टी कराव्या लागतात.

याच्या उलट अनुभव ‘डी अँड डी बियाँड’ या स्थळाच्या ग्राहकांना ऑगस्ट २०२४मध्ये आला. नवी पुस्तके येताच पात्रपत्रिकांतील जुने मंत्र आणि जादुई वस्तू यांच्या जागी नव्या आवृत्तीतील नोंदी येतील, अशी घोषणा झाली. जुन्या नियमांनी वर्षानुवर्षे मोहीम खेळणाऱ्यांनी पैसे मोजून जुनी पुस्तके घेतली होती. त्यांनी तीव्र नाराजी व्यक्त केली आणि काही दिवसांतच कंपनीला तो निर्णय मागे घ्यावा लागला. कपाटातल्या पुस्तकाचे पान कोणी रातोरात बदलू शकत नाही. पडद्यावरचे पान मात्र बदलता येते. साधन कितीही सुबक असले तरी त्यावर वाचकाचा भरवसा नसेल तर ते सोयीचे म्हणता येत नाही.

कुलूप कोणाच्या हाती?

येथे परवान्याचा प्रश्न येतो. २००० साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ची तिसरी आवृत्ती आली, तेव्हा ‘विझर्ड्स ऑफ द कोस्ट’ या प्रकाशन कंपनीने मूळ नियमांचा एक संक्षिप्त संदर्भग्रंथ खुल्या परवान्याखाली उपलब्ध केला. त्यामुळे असंख्य हौशी मंडळींना नियमांची शोधण्याजोगी स्थळे उभारता आली. जानेवारी २०२३मध्ये त्या परवान्याच्या जागी बरेच कडक कलम असलेला नवा मसुदा येत असल्याचे बाहेर फुटले. जगभरच्या खेळाडूंनी आणि लहान प्रकाशकांनी विरोध केला. अखेर २७ जानेवारी रोजी कंपनीने माघार घेतली आणि सुमारे चारशे पानांचा तो संदर्भग्रंथ ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’च्या श्रेयनिर्देश परवान्याखाली खुला केला. हा परवाना परत घेता येत नाही. एप्रिल २०२५मध्ये सुधारित नियमांचा संक्षेपही त्याच परवान्याखाली आला.

मराठी वाचकासाठी या घटनेचा अर्थ स्पष्ट आहे. मूळ श्रेय नोंदवून या नियमांचे मराठी भाषांतर कोणीही करू शकतो, ते संकेतस्थळावर ठेवू शकतो, विकूही शकतो. पाचव्या आवृत्तीचा संदर्भग्रंथ कंपनीने फ्रेंच, जर्मन, इटालियन आणि स्पॅनिश भाषांत अधिकृतपणे दिला आहे. त्या यादीत एकही भारतीय भाषा नाही. हैदराबादच्या टेबलावर संवाद दखनीत, तेलुगूत किंवा मराठीत चालतो आणि नियमाचा प्रश्न आला की सर्वांना इंग्रजीत जावे लागते, याचे हे एक कारण आहे. कायद्याची अडचण आता उरलेली नाही. अडचण श्रमांची आहे.

देवनागरीतील शोधाची वाट

हे श्रम केवळ भाषांतराचे नाहीत. मराठी मजकूर शोधता येण्याजोगा करणे हे स्वतंत्र काम आहे. इंग्रजीत नामाच्या शेवटी बहुधा थोडाच बदल होतो. मराठीत विभक्ती लागली की शब्दाचे सामान्यरूप होते: ‘घोडा’चे ‘घोड्याला’, ‘पाणी’चे ‘पाण्यात’. ‘घोडा’ असा शोध घेणाऱ्याला ‘घोड्यावरून लढताना’ हा नियम सापडला नाही, तर दोष त्याचा नाही.

त्यातच टंकलेखनाचे प्रश्न. ‘दुसऱ्या’ या शब्दातील अर्धा ‘र’ दोन प्रकारे टंकित होतो. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटतात. ‘ॲप’मधील पहिल्या अक्षराचेही तसेच. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सर्वांच्याच होतात. अनेक जण मराठी शब्द रोमन लिपीत लिहून शोधतात. या सर्वांना सामावून घेणारा शोध हवा असेल तर शब्दांची रूपे एकत्र बांधणारी व्यवस्था आधी उभारावी लागते.

या क्षेत्रात हैदराबादचे स्थान मोठे आहे. १९९८ साली गच्चीबावलीत स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय माहिती तंत्रज्ञान संस्थेत भाषा तंत्रज्ञानाचे संशोधन केंद्र आहे. भारतीय भाषांतील शब्दरूपांचे पृथक्करण आणि भाषांमधील यांत्रिक अनुवाद यांवर तेथे दीर्घकाळ काम झाले आहे. भारतीय भाषांना परस्परांशी जोडणाऱ्या ‘संपर्क’ या अनुवाद प्रकल्पात या संस्थेचा मोठा वाटा होता आणि त्यात मराठी–हिंदी ही जोडीही होती. म्हणजे ज्या शहरात तो डाव अडला, त्याच शहरात त्यावरच्या उपायाचे शास्त्र आकाराला येत आहे.

आपल्या खेळांचे काय?

खेळांचे नियम नीट मांडून ठेवण्याची परंपरा या प्रदेशाला नवी नाही. हैदराबादच्या वायव्येस असलेले बसवकल्याण हे बाराव्या शतकात चालुक्यांचे राजधानीचे नगर, कल्याणी, होते. तेथील राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथाचे पाच भाग आणि प्रत्येक भागाचे वीस अध्याय आहेत. अखेरचा भाग क्रीडांना वाहिलेला आहे. पाच विसांची ही रचना वाचकाला हवा तो विषय चटकन सापडावा यासाठी उपयोगी पडते. आजच्या भाषेत ती मार्गदर्शक सूचीच म्हणावी. पुढे १८७१ साली, निजामाच्या राज्यात असलेल्या औरंगाबादच्या हरिकृष्ण या पंडिताने ‘क्रीडाकौशल्य’ हा खेळांवरचा संस्कृत ग्रंथ रचला.

आता आपल्या सीमेवरच्या सावंतवाडीकडे पाहू. तेथील दशावतारी गंजिफ्यात दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येकी बारा पाने, अशी १२० गोल पाने असतात. निम्म्या रंगांत दहाचे पान मोठे, तर उरलेल्या निम्म्यांत एक्का मोठा. दिवसा डाव मांडला तर रामाचे पान धारण करणारा आरंभ करतो, रात्री मांडला तर कृष्णाचे. हा नियम किती काव्यमय आहे! रंगवलेल्या पानांचा संच आजही भेट म्हणून विकत मिळतो. दिवाणखान्यातही तो शोभतो. पण तो घेऊन घरी आलेल्या तरुणाने ‘हा खेळायचा कसा?’ असे विचारले, तर त्याला मराठीतून टप्प्याटप्प्याने उत्तर देणारे, मोबाइलवर चटकन उघडणारे साधन कितीसे हाताशी असते? नियम जाणणारी वडीलधारी मंडळी कमी होत आहेत. परदेशी राक्षसाच्या प्रत्येक दाताची नोंद शोधता येते आणि आपल्या आजोबांच्या खेळातील उतारीचा नियम शोधता येत नाही, ही स्थिती शोचनीय आहे.

यावर करता येण्याजोगे काम लहान आहे. खेळ जाणणाऱ्यांना बसवून एक पूर्ण डाव ध्वनिचित्रमुद्रित करावा. त्यावरून नियम लिहावेत. गावोगावचे पाठभेद पुसू नयेत, कोठला नियम कोठे चालतो ते नोंदवावे. मजकूर खुल्या परवान्याखाली ठेवावा. मग त्या खेळाशी पूर्वी संबंध नसलेल्या चार-पाच जणांसमोर ते पान ठेवावे, त्यांना डाव मांडायला सांगावे आणि जवळ बसून गप्प पाहावे. ते कोठे अडखळतात, काय शोधतात, कोणता शब्द त्यांना कळत नाही, ते टिपून घ्यावे आणि मजकूर सुधारावा. परीक्षा त्यांची नसून पानाची आहे, हे त्यांना आधीच सांगावे. गोव्यातील आणि सिंधुदुर्गातील एखाद्या महाविद्यालयाच्या मराठी व संगणक विभागांनी मिळून हाती घेतला तर हा एका वर्षाचा प्रकल्प आहे.

संदर्भसाधनाची खरी कसोटी विद्वानाच्या अभ्यासिकेत लागत नाही. ती लागते ती चार माणसे वाट पाहत असताना, एका हातात फासे किंवा पाने असताना. नियम तेव्हा हाताशी आला तर डाव पुढे जातो. पहारेकरी जागीच खिळलेला असतो, चहा गरम असतो आणि गोष्ट जिथे तुटणार होती तिथून पुढे चालू राहते. हैदराबादच्या त्या टेबलावर जे हवे आहे, तेच सावंतवाडीच्या ओसरीवरही हवे आहे.